वादी

इथे कोरड्या नदीला वादी म्हणतात.
पहिल्या आठवड्यात हे ऐकून मी हसले होते,
कारण माझे वडील कणकवलीच्या कोर्टात पट्टेवाले,
दाराशी उभे राहून पुकारा करायचे:
वादी हजर आहे का, वादी?
आणि बाकावरून कुणीतरी धोतर सावरत उठायचं.

आता अमरातच्या आमच्या गल्लीसमोर, वादीच्या पलीकडे,
फलक लागलाय.
चार हजार दोनशे घरं. एक तळं.
तळ्याकाठी सायकलवर एक हसरी बाई,
तिला चित्रकाराने सावलीच दिलेली नाही.

हरकती व सूचना गुरुवारपर्यंत.
अर्ज मीच भरते सगळ्यांचे, माझं अक्षर बरं म्हणून.

कुट्टीहसन म्हणतो, होऊ दे की.
चार हजार घरं म्हणजे सकाळची चार हजार दुधाची खोकी.
दुसऱ्या फ्रिजचा भाव त्याने विचारूनही ठेवलाय.
मरिलू रात्रपाळी करून आलेली, बूट न काढता म्हणाली: भाडं.
मी लिहिलं.
म्हणाली, पुन्हा लिही.
गुलमीर बलोच बराच वेळ हात पुसत बसला.
त्याला घरांची भीती नाही,
नव्या लोकांना गॅरेजपुढचे तेलाचे डाग खुपतील, याची आहे.
माझ्या निहारने पेन हिसकावून स्वतःच लिहिलं:
पिच सोडून कुठेही बांधा.
(पिच वादीतच आहे. पिंपात पाणी भरून
पोरांनी दोन हिवाळे ते लोळवलंय.)

तेंडोलकर बैठकीत सगळ्यात जास्त तावातावाने बोलले.
मग जिन्यात मला गाठून, आवाज खाली करून:
आम्ही एक बुक केलंय. तळ्याकडचं.
हे लिहू नका.

आणि मी?
माझा अर्ज तीन दिवस फ्रिजवर, चुंबकाखाली.
आमची हरकत आमच्या व्हिसाएवढी,
दोन वर्षांची, मालकाच्या सहीने नूतनीकरण होणारी.
कुठल्या तोंडाने म्हणू, हे आमचं आहे, इथे येऊ नका,
आम्हीही कुणाच्या तरी खजुरीच्या बागेवरच
तिसऱ्या मजल्यावर राहतो.

घरमालकाच्या आईचा अर्ज राहिला होता.
जुवेना. वय तिलाही ठाऊक नाही.
तिने कागद घडी करून मलाच परत दिला,
आणि शुक्रवारी उन्हं कलल्यावर
मनगट धरून मला वादीत नेलं, दगडांवरून, माझ्यापेक्षा भरभर.
एक गाफचं झाड. तिने बोट वर केलं.
माझ्या दुप्पट उंचीवर, फांद्यांच्या बेचक्यात,
निळ्या चटईची एक चिंधी,
इतकी जुनी की झाडाने तिच्याभोवती साल वाढवलेली.
मी म्हटलं, वाऱ्याने गेली असेल.
तिने मान हलवली. म्हणाली: माय.

पाण्याला माय म्हणतात इथे.
ह्या शब्दाला मात्र मी हसले नाही.

चटई कुणाची होती ते मी विचारलं नाही,
आणि तिने सांगितलं नाही.
परतताना ती पोरांच्या पिचला वळसा घालून गेली,
जसं सारवलेल्या अंगणाला घालतात.

गुरुवारी एकतीस अर्ज दिले.
कारकुनाने मोजले, शिक्के मारले, सभ्यपणे हसला.
जुवेनाच्या अर्जात मी झाडाची उंची लिहिली होती,
हरकतीच्या रकान्यात फक्त तेवढीच.

येताना वादी ओलांडायच्या जागी गाडी उभी केली.
कडेला पाणी मोजायचे लाल-पांढरे खांब,
खाली धूळ, बाटल्या, एक बकरी.
वादी गैरहजर असला तर दावा निकालात काढतात, वडील सांगायचे.
पण आधी तीनदा पुकारायचं.
घाई करायची नाही.
माणूस लांबून येत असतो.

रात्री तेंडोलकरांचा फोन. आनंदात होते.
ब्लॉक मिळाला, आता मजला निवडायचाय,
बायकोला बाग हवी, तर तळमजला घ्यावा म्हणतो, तुम्हाला काय वाटतं?

माझं मत कुणी विचारलेलं हे पहिल्यांदाच.
मी म्हटलं, वरचा घ्या.
जितका वरचा मिळेल तितका.